‘कुणाला सांगू नकोस हं’ : तरुणांच्या आत्महत्या कशा थांबतील, याबद्दल मुलांचं म्हणणं

निळीशाई

मी चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा एक गप्पांचा गट चालवते. आठवड्यातून एकदा दोन तास बसतो. मागच्या वेळी विषय मुलांनीच काढला. त्यांच्या ओळखीतला एक मुलगा गेला होता आणि घरात, वर्गात कुणीच त्यावर बोलत नव्हतं. मी त्यांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि म्हटलं, नाव घालू नका, फक्त एवढंच लिहा : तुमच्या वयाच्या कुणाला जगणं नकोसं झालं, तर आम्ही मोठ्यांनी काय करावं?

अकरा चिठ्ठ्या आल्या. काही इथे देते. मुलांना विचारूनच देते आहे.

“तुला काय कमी आहे, हे वाक्य बंद करा.”

“फोन काढून घेऊ नका. माझी माणसं फोनवरच आहेत.”

“आधी ऐका. उपाय नंतर सांगा. शक्यतो दुसऱ्या दिवशी.”

एका चिठ्ठीवर फक्त “विचारा” एवढंच होतं.

आणि एक चिठ्ठी अशी, की दोन ओळी लिहून खोडलेल्या, पेन कागदातून आरपार गेलेलं, आणि खाली बारीक अक्षरात : “आईला सांगितलं तर आई रडेल. मग मलाच तिला समजवावं लागेल.”

ही शेवटची मी घरी येऊन कितीतरी वेळा वाचली. आपण मुलांना ‘मन मोकळं कर’ म्हणतो. पण ते मोकळं झालेलं मन आपल्याला पेलणार आहे का, याचा अंदाज मुलं आधीच घेऊन बसलेली असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात वर्षाला ७,२०,००० हून अधिक माणसं आत्महत्येने जातात, आणि १५ ते २९ या वयात मृत्यूच्या कारणांमध्ये ती तिसऱ्या क्रमांकावर आहे. तरी या वयाच्या मुलांना त्याबद्दल काय वाटतं, हे आपण क्वचितच विचारतो. म्हणून हा धागा. इथली जी मुलं असतील त्यांनी आधी लिहावं. मोठ्यांनी जरा थांबून वाचावं, एवढी विनंती. कुणीही मार्गांचे, पद्धतींचे तपशील लिहू नयेत.

उंबरठा

मुलांनी आधी लिहावं म्हणालात, तरी मी मध्ये येतोय, माफ करा. मी पंधरा वर्षांच्या मुलाचा बाप आहे. गेले दोन महिने तो गप्प गप्प आहे. ‘विचारा’ ही चिठ्ठी वाचून पोटात गोळा आला, कारण मी मुद्दामच विचारत नाहीये. त्याच्या डोक्यात नसलेलं मीच भरवून दिलं तर?

सावली४७

उंबरठा, ही भीती बहुतेक सगळ्या आईवडिलांना वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात समाजकार्यकर्ती आहे.

नेमका हाच प्रश्न मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत तपासला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधली २,३४२ मुलं. अर्ध्या मुलांच्या प्रश्नावलीत आत्महत्येबद्दलचे प्रश्न घातले, अर्ध्यांच्या नाही. विचारल्यामुळे मुलांचा त्रास वाढला नाही, विचारही वाढले नाहीत. उलट जी मुलं आधीच खचलेली होती, त्यांचा त्रास विचारल्यावर किंचित कमीच दिसला. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण कसं विचारता, याने खूप फरक पडतो. आपल्याकडून सहज निघणारं वाक्य असतं, “तसलं काही वेडंवाकडं डोक्यात नाही ना तुझ्या?” यात उत्तर आपणच भरून दिलेलं आहे. मुलगा ‘नाही’ म्हणणार, आपण सुटकेचा निःश्वास टाकणार, विषय संपला. त्यापेक्षा, “दोन महिने झाले, तू जेवायला बसतोस आणि उठून जातोस. मला काळजी वाटते. मरून जावं असं कधी मनात येतं का?” शब्द साधे, नजर साधी. आणि उत्तर आल्यावर लगेच बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड.

कागदीविमान (वय १६)

सावलीताई, ‘नाही ना’ वाला प्रश्न मला शब्दशः विचारला गेलाय. आई दारात उभी होती, हातात कपड्यांची घडी. मी ‘नाही गं’ म्हटलं. तिचा चेहरा असा काही सैल झाला की पुढे बोलायची इच्छाच गेली. तिच्यावर राग नाही. पण ती बसली असती तर बरं झालं असतं. उभं राहून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक देता येत नाही.

आणखी एक. ‘ही लक्षणं ओळखा’ अशी पोस्टर असतात ना, झोप कमी, चिडचिड, एकटं राहणं, अभ्यासात लक्ष नाही. ती वाचून आमचा अख्खा वर्ग त्यात बसतो. त्यामुळे कुणी ते गंभीरपणे घेत नाही. मला वाटतं यादीपेक्षा बदल बघावा. जी सतत बडबड करायची ती गप्प झाली. जो चित्रं काढायचा त्याने वही मित्राला देऊन टाकली. हे आईबाबांच्या आधी आम्हाला दिसतं, कारण आम्ही दिवसभर शेजारी बसतो.

सावली४७

वही देऊन टाकल्याचं तू लिहिलंस ते फार महत्त्वाचं. जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, निरवानिरव केल्यासारखं बोलणं, किंवा खूप दिवसांच्या तगमगीनंतर अचानक एकदम शांत होणं. असं दिसलं तर ‘बरं वाटतंय वाटतं’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी विचारा.

तिसराबाक (वय १७)

शीर्षक वाचून आत आलो. ‘कुणाला सांगू नकोस हं’ हे मला सांगितलं गेलं होतं.

माझा जवळचा मित्र. रात्री साडेअकराला मेसेज आला की आता पुरे झालं. आम्ही दोन वाजेपर्यंत बोललो. मी विनोद केले, जुने फोटो पाठवले, शपथ घातली. शेवटी तो म्हणाला, झोपतो, आणि कुणाला सांगू नकोस, नाहीतर आपली मैत्री संपली. मी वचन दिलं.

पुढचे नऊ दिवस मी रोज सकाळी उठल्या उठल्या त्याचं ‘लास्ट सीन’ बघायचो. तोपर्यंत तोंडसुद्धा धुवायचो नाही. दहाव्या दिवशी माझ्याच्याने होईना. मी त्याच्या मोठ्या बहिणीला फोन केला. नीट बोलताही आलं नाही. मी फक्त म्हणालो, “ताई, आज त्याच्याजवळ बस.”

तो माझ्याशी चार महिने बोलला नाही. वर्गात बाक बदलला. आता बोलतो, पूर्वीसारखं नाही, पण बोलतो. त्याचे उपचार चालू आहेत.

मला मोठ्यांना एवढंच सांगायचं आहे की ते नऊ दिवस माझ्यासारखी खूप मुलं एकटी काढत असतात. आम्हाला ‘मित्राला आधार द्या’ शिकवतात. आधार कधीपर्यंत द्यायचा आणि मोठ्यांकडे कधी सोपवायचा, हे कुणी शिकवत नाही. मी डॉक्टर नाही. मला रात्री झोपही येते. मी झोपल्यावर काय झालं असतं?

निळीशाई

तिसराबाक, तू केलंस ते बरोबर केलंस. हे तुला आधी कुणी म्हटलं असेल की नाही माहीत नाही, म्हणून म्हणते.

अर्धविराम (वय १७)

मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण सगळे लगेच ‘मोठ्यांना सांगा’वर येतील.

माझ्याबाबतीत मैत्रिणीने सांगितलं. एका शिक्षकांना. त्यांनी दुसऱ्या शिक्षकांना. मधल्या सुट्टीनंतर मला बोलावलं तेव्हा खोलीत पाच जण होते आणि घरी फोन आधीच गेला होता. वर्गात परत आले तर सगळे एकदम गप्प. त्या दिवसापासून मी ‘ती’ झाले. शाळेचं नाव लिहीत नाही, लिहून काही उपयोगही नाही.

त्यानंतर वर्षभर मी कुणालाही काही बोलले नाही. एकदा तर खरंच बोलायची गरज होती, तरी नाही. कारण बोललं की काय होतं ते मी पाहिलं होतं.

त्यामुळे सांगा, पण सांगायच्या आधी मला सांगा की तू सांगणार आहेस. कुणाला सांगायचं ते मला निवडू द्या. जमलं तर मला बरोबर घेऊन जा. माझ्याबद्दलचं बोलणं माझ्यासमोर होऊ दे. आणि ज्यांना माहीत असायची गरज नाही त्यांना नको.

तिसराबाक (वय १७)

अर्धविराम, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी त्याच्या पाठीमागे फोन केला. त्याला आधी सांगितलं असतं तर चार महिने गेले नसते, असं आता वाटतंय.

अर्धविराम (वय १७)

तू एका माणसाला सांगितलंस, आणि योग्य माणसाला. मला त्याचंच वाईट वाटतं की माझ्या मैत्रिणीलाही असं एक माणूस माहीत नव्हतं. तिच्यावर माझा राग नाही. मी हे तिला अजून सांगितलेलं नाही.

सावली४७

तुम्ही दोघांनी मिळून जे मांडलंत, त्यासाठी मला प्रशिक्षणात कितीतरी तास द्यावे लागतात. मित्राला म्हणायचं वाक्य असं असू शकतं : “गुपित ठेवायचं वचन मी देऊ शकत नाही, कारण मला तू हवा आहेस. पण तुला न विचारता गावभर करणार नाही. कुणाकडे जायचं ते दोघं मिळून ठरवू, आणि मी येतो बरोबर.” आणि जिवाला लगेच धोका आहे असं दिसलं तर परवानगीची वाट न बघता जवळच्या मोठ्या माणसाला बोलवायचं, त्याला एकटं सोडायचं नाही. रुसवा काढता येतो.

शिक्षक वाचत असतील तर, पाच माणसांची खोली कधीही नको. एक माणूस, दोन खुर्च्या, दार लोटलेलं.

जुनीवही

मी साठी ओलांडलेला माणूस. हा धागा वाचायच्या आधी मी लिहिणार होतो की आमच्या वेळी असं नव्हतं, आम्ही मार खाल्ला, नापास झालो, पण कुणी असं केलं नाही. लिहायला बसलो आणि वर्गातला एक मुलगा आठवला. गोरा, डावखुरा, गणितात हुशार. एका सोमवारी तो आला नाही. हजेरी घेताना सर त्याच्या नावापाशी थांबले, चष्मा पुसला आणि पुढचं नाव घेतलं. पुन्हा त्याचा विषय कधीच निघाला नाही, घरी नाही आणि शाळेत नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे आमच्या वेळीही होतं. बोलायची मुभा नव्हती, इतकंच.

कागदीविमानने लिहिलेलं वाचून लक्षात आलं, त्याने जायच्या आधीच्या आठवड्यात मला त्याचं कंपास दिलं होतं.

निळीशाई

काका, हे इतक्या वर्षांनी इथे लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ती तुमची चूक नव्हती. तेव्हा तुम्हीही मूलच होतात.

तुमच्या हजेरीवरून चॅड वराह आठवले. ते इंग्लंडमधले धर्मगुरू. १९३५ मध्ये त्यांनी पहिला अंत्यविधी केला तो एका किशोरवयीन मुलीचा. तिला पाळी आली होती, आणि आपल्याला काहीतरी घाण रोग झालाय असं समजून तिने जीव दिला. विचारायला कुणी नव्हतं. ते वराह यांच्या मनातून गेलं नाही. १९५३ मध्ये त्यांनी लंडनमध्ये फोन लावून बोलता येईल अशी सेवा सुरू केली, तीच पुढे ‘समॅरिटन्स’ झाली. त्या मुलीला एक वाक्य सांगणारं माणूस भेटलं असतं तर, एवढ्यावरून हे सगळं उभं राहिलं.

कागदीविमान (वय १६)

बातम्यांबद्दल लिहू का? ‘टोकाचं पाऊल उचललं’, ‘जीवन संपवलं’, ‘मोबाईल न दिल्याने’, ‘कमी गुणांमुळे’. एका ओळीत कारण देऊन मोकळे. आमच्या वर्गात तशी बातमी फिरली की दोन गोष्टी होतात. काही जण म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून? आणि ज्याला खरंच कमी गुण मिळालेत तो गप्प होतो. त्याला वाटतं, म्हणजे अशा वेळी लोक हेच करतात.

‘आत्महत्या केली’ हा शब्दच मला चोरी केली, खून केला असा वाटतो. पण दुसरा शब्द मला सुचलेला नाही. कुणाला सुचला तर सांगा.

दुपारपाळी

मी वृत्तपत्रात उपसंपादक आहे. कागदीविमानशी सहमत. ‘आत्महत्येने मृत्यू’ असं लिहायचा प्रयत्न काही जण करतात, मथळ्यात ते लांब होतं म्हणून कापलं जातं. आता नाही कापणार.

एका कारणावर बोट ठेवणं चुकीचंच. बहुतेक वेळा बऱ्याच गोष्टी साचलेल्या असतात. नैराश्य, घरातली भांडणं, छळ, एकटेपण. निकाल हा त्यातला शेवटचा थेंब. आणि भडक बातम्यांमुळे अनुकरण होतं, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं.

उलट बाजू मला जास्त भावते. ऑस्ट्रियातल्या संशोधकांना २०१० मध्ये दिसलं की संकटातून सावरलेल्या माणसांच्या बातम्या छापल्या गेल्या, तेव्हा आत्महत्या घटल्या. त्यांनी याला नाव दिलं ‘पापागेनो परिणाम’. मोझार्टच्या १७९१ च्या संगीतिकेतलं हे पात्र प्रेम हरवलं म्हणून मरायला निघतं. त्याला तीन मुलगे अडवतात आणि आठवण करून देतात की अरे, तुझ्याकडे घंटा आहेत, त्या वाजव. अडवणारे तिघंही लहान आहेत, हे हा धागा वाचताना पहिल्यांदा जाणवलं.

फळाखडू

मी शिक्षिका. सावलीताई, आम्हाला लक्षणं ओळखायचं प्रशिक्षण मिळालंय. ते पुरतं का?

सावली४७

उपयोग नक्की असतो, पण एकट्याने पुरत नाही. युरोपातल्या दहा देशांत, १६८ शाळांत, ११,११० मुलांवर मोठी चाचणी झाली. दानुता वासरमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. काही शाळांत शिक्षकांना प्रशिक्षण. काहींत तज्ज्ञांनी तपासून त्रासात असलेली मुलं शोधायची. काहींत थेट मुलांनाच बसवून संवाद : प्रसंग करून बघायचे, आपण यात काय करू ते बोलायचं, मित्र खचला तर कुणाकडे जायचं ते ठरवायचं. सगळे मिळून पाच तास, चार आठवड्यांत. वर्षभराने पाहिलं तर आत्महत्येचे प्रयत्न लक्षणीय कमी झाले होते ते फक्त या तिसऱ्या प्रकारात. तुलनेच्या गटात १.५१ टक्के मुलांनी प्रयत्न केला होता, संवादाच्या गटात ०.७० टक्के. निम्म्याहूनही कमी.

तज्ज्ञ म्हणून मला हे पचवायला वेळ लागला. आम्ही शोधून काढण्यापेक्षा मुलांनी आपापसात बोलणं जास्त कामी आलं.

फळाखडू

पाच तास तर मी माझ्या तासांतून काढू शकते. गोल खुर्च्या मांडून करीन.

रंगपेटी (वय १८)

मी समलिंगी आहे. घरी माहीत नाही. इथे पहिल्यांदाच लिहितोय. अमेरिकेतल्या ‘ट्रेव्हर प्रोजेक्ट’ या संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं होतं की माझ्यासारख्या मुलांना स्वीकारणारं एक जरी मोठं माणूस असेल, तर त्या वर्षात जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी दिसतं. एक माणूस. मला वाचनालयातल्या बाई मिळाल्या. त्यांनी कधी काही विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाल्या, तू जसा आहेस तसाच इथे येत जा.

परतलेली (वय १८)

मी प्रयत्नातून वाचलेली आहे. दीड वर्ष झालं. मला एवढंच सांगायचंय की दवाखान्यातून घरी आल्यावर सगळ्यांना वाटतं, संपलं. माझ्यासाठी सगळ्यात वाईट दिवस तेच होते. पाहुण्यांसारखं वागवायचे. दार लावलं की बाहेर पावलं थांबायची.

दोन गोष्टींनी तारलं. समुपदेशक मॅडमनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला. माझ्याच शब्दांत. मला वाईट वाटायला लागतं तेव्हा आधी काय होतं (नखं खाते, गाणी बंद करते), मग मी एकटी काय करू शकते, मग कुणाजवळ जाऊन नुसती बसू शकते, मग कुणाला फोन, मग कुठल्या दवाखान्यात. घरातल्या धोक्याच्या वस्तू कुठे ठेवायच्या हेही बाबांबरोबर बसून ठरवलं. तो कागद फोनच्या कव्हरमध्ये आहे. घडीवर फाटलाय, चिकटपट्टी लावलीये.

दुसरी, माझी मैत्रीण. दर गुरुवारी तिचा एक मेसेज. “आज पाऊस. तुझी आठवण आली. उत्तर नको.” ‘कशी आहेस’ असं तिने एकदाही विचारलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन मी दमले होते. ‘उत्तर नको’ या दोन शब्दांसाठी मी तिची जन्मभर ऋणी आहे.

सावली४७

परतलेली, तो कागद म्हणजे सुरक्षा-आराखडा. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्याला शिस्तशीर रूप दिलं. लाट ओसरेपर्यंतचा वेळ काढायचा असतो, त्यासाठी तो असतो. वस्तू दूर ठेवण्याचा मुद्दाही त्याचसाठी : तीव्र क्षण बऱ्याचदा थोडाच वेळ टिकतो, तेवढ्यात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो.

आणि तुझ्या मैत्रिणीने नकळत जे केलं तेच सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी केलं होतं. पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांपैकी निम्म्यांना ते वर्षानुवर्षं छोटी पत्रं पाठवत राहिले. दोन-तीन ओळींची, आठवण काढणारी, काहीही न मागणारी. पहिल्या दोन वर्षांत, पत्रं न मिळालेल्यांपेक्षा या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू कमी होते.

निळीशाई

वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या देशातला मदतीचा क्रमांक आत्ताच मोबाईलमध्ये घालून ठेवा. भारतात टेलिमानस १४४१६, अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये ११६१२३. तिन्हीकडे चोवीस तास. मित्रासाठीही फोन करता येतो. तिसराबाक, ते नऊ दिवस तू तिथे बोलू शकला असतास.

उंबरठा

आत्ता रात्रीचे पावणेबारा. विचारलं. उभ्याने नाही, त्याच्या पलंगाच्या कडेला बसून. ‘नाही ना’ म्हटलं नाही.

तो खूप वेळ काही बोलला नाही. मीही नाही. मग म्हणाला, “हो. पण आत्ता नाही. मागच्या आठवड्यात जास्त होतं.” मला रडू येत होतं, त्या चिठ्ठीची आठवण ठेवून आवरलं. म्हटलं, सांगितलंस ते बरं केलंस, मी कुठे जात नाही. मग तो बोलत राहिला. आता पाणी प्यायला आलोय म्हणून लिहितोय. पुढे काय करू?

सावली४७

परत जाऊन बसा. आज रात्री त्याच्याच खोलीत झोपा, त्याला सांगून. काही मनात ठरवलं होतं का, हेही विचारा, आणि त्याबद्दल जे सांगेल ते घरातून आत्ताच दूर करा. वाढतंय असं वाटलं तर सकाळची वाट न बघता फोन किंवा थेट दवाखाना. नाहीतर सकाळी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि डॉक्टरांना काय सांगायचं ते दोघं मिळून ठरवा. मी जागी आहे.